थोरलीच्या मठापर्यंत पायी

बुलडाण्याहून खाली उतरणारी एसटी घाटात वळायला लागली की आम्ही पठारावरची माणसं खिडकीची दांडी घट्ट धरतो आणि वळणं संपली की सोडतो. डोंगराशी आमचा संबंध तेवढाच. माझं माहेर सुलतानपूर आणि सासर डोणगाव. दोन्हीकडं काळी रानं, सोयाबीन, तूर, विहिरीच्या पाण्यावर थोडं माळवं. झाड म्हणजे बांधावरचं झाड. त्या घाटाच्या कडेकडेनं जंगलात पायवाटा आहेत, त्या वाटांवर महानुभावांचे जुने मठ आहेत आणि एका मठातून दुसऱ्या मठात माणसं आजही चालत जातात, हे बावन्न वर्षांची होईपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

यंदा मार्गशीर्षात मी त्या वाटेनं तीन दिवस चालले. हौसेनं नाही. कार्तिकात माझी माय गेली आणि तिच्या थोरल्या लेकीला ते कुणी सांगितलं नव्हतं.

थोरली म्हणजे कमल, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तेविसाव्या वर्षी तिनं दीक्षा घेतली. वडिलांनी त्यानंतर घरात तिचं नाव घेऊ दिलं नाही. माय दोनदा जत्रेच्या निमित्तानं तिला भेटून आली. पुढं गुडघे गेले आणि भेटी थांबल्या. वडील गेल्यावर मायला मी डोणगावला माझ्या घरी आणलं. भाऊ नाही आम्हाला. अकरा वर्षं ती माझ्याकडं होती, त्यातलं शेवटचं दीड वर्ष खाटेवर. मी बुलडाण्याच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर आजारपणाचा निरोप पाठवला होता. उत्तर आलं नाही. माय गेल्यावर मी ठरवलं की आता निरोप नाही. आता तिच्यासमोर उभं राहून सांगायचं आणि तिचं तोंड कसं होतं ते बघायचं. खोटं कशाला लिहू, रागानंच निघाले होते.

यजमान म्हणाले, "जीप करून देतो. चालत काऊन जातं?"

"कोणत्या मठात हाय ते मालूम नाई," मी म्हटलं. "तीन मठ हायेत म्हनते. रस्त्यानं गेलं तर एकेकाले येगळा फेरा. पायवाटेनं तिन्ही एका रांगेत हायेत."

"अन् तिसऱ्यातबी नसली तं?"

"तं चौथा कोठी हाय ते इचारीन."

माझी पिशवी त्यांनीच भरली.

टेकडीवरचा मठ

घाटाच्या तोंडावरच्या एका खेड्यात मी उतरले. पुढचं रान वनखात्याचं. चौकीवर नाव लिहून द्यावं लागतं आणि सोबत गावचं माणूस घ्यावं लागतं. मला मिळाल्या पार्वतामावशी. साठीच्या, काटक, नऊवारीचा काचा मारलेला, हातात बाभळीची काठी आणि पायात टायरच्या चपला. त्यांचा जन्म याच रानात शेळ्या चारण्यात गेला होता. उन्हाळ्यात मोहफुलं, पावसाळ्यानंतर डिंक आणि मध्येच कुणी माझ्यासारखं आलं तर वाट दाखवायची.

त्यांनी आधी माझ्या पायांकडं पाहिलं. मी मेहकरातून नवे बूट घेतले होते.

"नवे हायेत?"

"हाव."

"मंग हळू चालू," एवढंच त्या म्हणाल्या.

पहिला चढ तासाभराचा होता. सागाची पानं वाळून पायाखाली पापडासारखी मोडत होती. खालून घाटातल्या ट्रकांचे आवाज येत होते, ते हळूहळू कमी होत गेले. वर पोचलो तेव्हा दोन्ही बाजू दिसल्या. पाठीमागं आमचं घाटावरचं पठार, हिरव्या-पिवळ्या तुकड्यांचं. पुढं घाटाखालचा मुलूख, धुरकट, पार तापीच्या खोऱ्याकडं उतरत गेलेला. एकाच जिल्ह्यात राहून आम्ही त्यांना 'घाटाखालचे' म्हणतो आणि ते आम्हाला 'घाटावरचे'. लग्नं जमवताना दोन्हीकडून नाक मुरडतात. त्या टेकडीवर उभं राहिल्यावर वाटलं, मुरडण्याइतकं अंतर काही नाही.

मठ तिथंच होता. काळ्या दगडाच्या ठेंगण्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण, मध्ये एक दगडी ओटा. आत मूर्ती नव्हती. त्यांच्यात त्या ओट्यालाच नमस्कार करतात, कारण पूर्वी कधीतरी त्यांचे स्वामी तिथं बसले अशी श्रद्धा. आमच्याकडं देवळात गेलं की आधी घंटा वाजवायची. इथं घंटाच नव्हती. मी हात वर करून चाचपलं आणि पार्वतामावशी हसल्या.

काळी वस्त्रं घातलेले एक वृद्ध बाबा बाहेर आले. "दंडवत प्रणाम," म्हणाले. मीही म्हटलं. त्यांनी कुठून आलात, कशाला आलात, काही विचारलं नाही. पाणी दिलं, बसायला चटई दिली आणि आपली पोथी पुढं वाचत बसले. आमच्याकडं पाहुणा दारात आला की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते, चहा मागून येतो. इथं अर्धा तास कुणीच काही विचारेना. शेवटी मीच न राहवून म्हटलं, "कमलबाई इथं हायेत का? सुलतानपूरच्या."

बाबांनी पोथीत बोट ठेवून ती मिटली. "होत्या. पावसाळ्याआधी झऱ्याच्या मठात गेल्या. आपण कोण?"

"धाकटी बहीण."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाले, "चेहरा एकच आहे."

मला ते आवडलं नाही. दीड वर्ष रात्रीचं जागरण काढून माझा चेहरा उतरला होता. तिचा कशानं उतरला असणार?

संध्याकाळी जेवणात ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि मिरचीचा ठेचा होता. वाढायला बाबा स्वतः. आधी आम्हा दोघींना, मग इतरांना, मग स्वतःला. माझ्या घरात इतक्या वर्षांत पुरुष माणसानं मला आधी वाढल्याचं आठवत नाही. पार्वतामावशींना याचं काही विशेष वाटलं नाही. त्या तिसरी भाकरी घेत म्हणाल्या, "इथी आलं का मी दोन दिवसांचं जेवते."

झऱ्याचा मठ

दुसऱ्या दिवशी खरं जंगल लागलं. आधी साग, मग साग मागं पडला आणि सालई, धावडा, अंजन सुरू झाले. सालईचं झाड मी पहिल्यांदा पाहिलं. साल कागदासारखी सुटते आणि आतून हिरवी दिसते. मावशींनी खोडावरचा चीक नखानं काढून माझ्या नाकाशी धरला. धुपाचा वास आला.

झऱ्याच्या वर एका जागी त्यांनी चपला काढल्या. मलाही बूट काढायला लावले. तिथून मठापर्यंतचं रान राखीव. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते गावात कुणाला सांगता येत नाही. पण तिथं कुऱ्हाड लागत नाही. अर्जुनाची झाडं इतकी थोर की आम्ही दोघींनी हात पसरून एका बुंध्याला कवळ घालायचा प्रयत्न केला तर तिसरी बाई कमी पडली. वेली मांडीएवढ्या जाड. दुपार असून सावलीत गारवा. पाखरांशिवाय आवाज नव्हता.

"वाळकी काडीबी उचलत नाई कोनी?" मी विचारलं.

"पडलेलं उचलते, मठाच्या चुलीपुरतं. झाडाले हात नाई."

"अन् एखाद्यानं लावलाच तं?"

"कोन लावते? पानी इथूनच येते खाली. पान्याले कोन हात लावंन?"

पण हे नंतरचं झालं. त्याआधी डोंगराच्या मधल्या दांडावर माझ्या नव्या बुटाचा तळवा सुटला. आधी टाचेकडं फटफट वाजू लागला, मग अर्धा लोंबला. मी दगडावर बसले आणि मला अचानक सगळ्याचाच संताप आला. बुटांचा, डोंगराचा, कमलचा. मावशींनी पळसाचं एक मूळ उकरून काढलं, दगडानं ठेचलं, त्याचा वाख सोलून दोरी वळली आणि बूट बांधून दिला. त्यांचे हात चालत होते आणि मी शेजारच्या बोरीची बोरं खात बसले होते.

त्याच वेळी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. "हालू नको."

वाटेच्या वळणावर, शंभरएक पावलांवर, वारूळ होतं. तिथं एक अस्वल माती उकरत होतं. लोहाराच्या भात्यासारखा त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. काळे केस, अंगावर धूळ. ते आपल्या कामात होतं. माझ्या तोंडात बोराची आठळी तशीच राहिली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग त्यानं मान वर केली, वारा हुंगला आणि उतारावरून झुडपात निघून गेलं. घाई नव्हती त्याला.

मावशी आणखी थोड्या थांबल्या आणि उठल्या. मी मात्र दगडावरच बसून राहिले.

"मागं जायचं का?" त्यांनी विचारलं. चेष्टेनं नाही, सरळच. "अजूनबी जाता येते. दुपारलोक गावात पोचू."

मी खरंच विचार केला. मग म्हटलं, "नाई. पुढंच."

"एवढं काय हाय व त्या बहिनीपाशी?"

"मालूम नाई. पन मले तिले सांगायचं हाय."

त्या मान हलवून चालू लागल्या. त्यानंतर त्या अधूनमधून काठी दगडावर आपटत, मोठ्यानं बोलत चालल्या, म्हणजे रानातल्यांना आमची चाहूल लागावी. बोलायला विषय म्हणून त्यांनी मला त्यांच्या दोन्ही सुनांचे स्वभाव सांगितले. धाकटीचं ऐकता ऐकता ते राखलेलं रान आणि मग मठ आला.

झऱ्याच्या मठात चार तपस्विनी होत्या, सगळ्या वयस्क. कपडे वाळत होते, एक जण पाणी फडक्यातून गाळत होती. पाण्यातला जीव मरू नये म्हणून त्या प्रत्येक हंडा गाळतात आणि फडकं उलटं करून पुन्हा झऱ्यातच धुतात. आमच्याकडं पाणी गाळतात ते आपल्या पोटात जीव जाऊ नये म्हणून. फडकं तेच, काळजी वेगळ्या जिवाची.

कमल इथंही नव्हती.

"खोऱ्यातल्या मठात एक वृद्ध बाई आजारी आहेत," पाणी गाळणाऱ्या तपस्विनी म्हणाल्या. "त्यांच्या सेवेला गेल्या. चार महिने झाले."

मी तिथंच पायरीवर बसले. कुणा परक्या म्हातारीच्या सेवेला चार महिने. ते चार महिने कुठले, ते मी बोटांवर मोजलं. माय तेव्हा जिवंत होती.

त्या दिवशी सोल्यांची भाजी होती, ओल्या तुरीच्या दाण्यांची, लसूण-मिरची वाटून केलेली. मला फार आवडते. अर्धीच खाल्ली.

खोऱ्यातला मठ

तिसऱ्या दिवशी उतार होता. उतार चढापेक्षा वाईट असतो हे ऐकून होते, गुडघ्यांनी पटवून दिलं. पळसाच्या दोरीनं बांधलेला बूट मात्र टिकला. मी दिवसभर मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. तुले निरोप भेटला का नाई. परक्या बाईची सेवा होते, अन् मायची नाई. वाक्यं चांगली जुळली होती.

दुपारी खोरं उघडलं. ओढ्याकाठी मोठ्या वडाखाली मठ, मागं भाजीचा एक वाफा. त्यात एक बाई वाकून मेथी खुडत होती. काळी वस्त्रं, डोक्याचे केस काढलेले. ती उठली आणि कमरेवर हात ठेवून मागं वाकली. माय अशीच वाकायची.

पार्वतामावशी मागंच थांबल्या.

कमलनं मला ओळखलं. ती आली, दंडवत म्हणाली नाही, "शोभे," म्हणाली. मग माझ्या कपाळावरचं कुंकू जागेवर आहे हे पाहिलं आणि विचारलं, "माय?"

"गेली. कार्तिकात."

तिचं तोंड कसं होतं ते बघायला मी तीन दिवस चालले होते. ते काहीच झालं नाही. हातातली मेथीची जुडी तिनं सावकाश खाली ठेवली. एवढंच.

"तुले निरोप भेटला होता का?" मी विचारलं. "आजारपनाचा?"

"भेटला होता. उन्हाळ्यात."

ती नाही म्हणेल अशी माझी खात्री होती. नाही म्हणाली असती तर मी बहुतेक विश्वास ठेवला असता.

"मंग आली काऊन नाई?"

तेहतीस वर्षं ती मठातली शुद्ध भाषा बोलत आली असणार. सुरुवात तिनं तशीच केली. "मला वाटलं की..." आणि थांबली. मग सुलतानपूरचीच भाषा आली. "भेली मी, शोभे. तिच्या खाटेजवळ बसली असती तं मंग उठली नसती. इथी परत आली नसती. मी सोताले ओळखतो. म्हनून नाई आली."

"अन् इथल्या म्हातारीची सेवा करते."

"हाव. करतो." ती मान खाली घालून म्हणाली. "तिचं करताना मायचंच करून राह्यली असं वाटे. पन ते खरं नव्हतं. तू करत होती."

जुळवून आणलेल्या वाक्यांचं काय करायचं ते मला कळेना. ती माफी मागत नव्हती, सबबही सांगत नव्हती. तिनं मला वडाखालच्या पारावर बसवलं, पाणी दिलं आणि समोर जमिनीवर बसली.

"सांग," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"सगळं. पयल्यापासून. पडली कधी, खात काय होती, कोन्या कुशीवर निजे."

घरी तेरा दिवस माणसं येत होती. वय किती होतं, त्रास झाला का, एवढं विचारून चहा घेऊन उठत होती. कोणत्या कुशीवर निजे हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं: डाव्या. उजवी दुखायची. मग सांगतच गेले. न्हाणीपाशी पाय घसरला तिथपासून. दात नसल्यानं भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागे, ती तिला आवडत नसे. वैतागून मी एकदा वाटी आपटली होती, तेही सांगितलं. शेवटच्या महिन्यात ती मला कधी कमल म्हणायची, कधी शोभा.

"तू काय म्हने मंग?"

"दोन्ही नावाले ओ देवो."

कमल रडली नाही. पोथी ऐकावी तशी मान किंचित कलती करून ऐकत होती, मध्येच एखादी गोष्ट पुन्हा विचारत होती. रडले ते मी. ऊन ओढ्यापलीकडं गेलं तेव्हा माझं सांगून झालं होतं. तिनं उठून माझे पाय धरले. थोरल्या बहिणीनं धाकटीचे पाय धरायचे नसतात, मी मागं सरकले. पण तिनं सोडले नाहीत. माझा राग तेवढ्यानं संपला असं मी म्हणणार नाही. तो आजही कधीकधी भाकरी थापताना येतो. पण त्याचं वजन कमी झालं.

रात्री ताकातल्या कण्या होत्या. आतल्या आजारी बाईंना कमलनं चमच्यानं भरवलं. मी दारातून पाहिलं. एका हातानं मान उचलायची, दुसऱ्यानं चमचा, आणि प्रत्येक घासाला थोडं थांबायचं. मीही तसंच करायची. आम्हाला दोघींना कुणी शिकवलेलं नव्हतं. ताट खाली ठेवून मी आत गेले आणि मान धरायला हात लावला.

फाट्यावर

चौथ्या दिवशी पार्वतामावशी आल्या वाटेनं परत निघाल्या. मला म्हणाल्या, "पुढच्या टायमाले जुनी चप्पल घालून ये." मी येणार हे त्या धरूनच चालल्या होत्या.

मला एसटीनं जायचं होतं. खोऱ्यातून डांबरी फाटा कोसभर. कमल सोडायला आली. वाटेत ती शेताच्या कडेनं उगवलेलं काहीबाही दाखवत राहिली. कुठलं पान कशावर चालतं, कुठलं मूळ उन्हाळ्यात पाणी धरतं. मी ऐकत होते. तेहतीस वर्षांत ती काय करत होती, ते मला पहिल्यांदाच थोडं कळत होतं.

फाट्यावर लहान पूल होता. त्याच्या कठड्यावर आम्ही बसलो.

"डोनगावले ये," मी म्हटलं. "मायसाठी नको येऊ. ते झालं आता. माह्याकडं ये."

"आज कबूल करत नाई," ती म्हणाली. "कबूल करून नाई आली तं पुन्हा तेच होईन. पन मनात ठेवतो."

मी त्यावर वाद घातला नाही. दूरवर एसटी दिसू लागली, लाल, धूळ उडवत. मी पिशवी उचलली.

"शोभे," कमल म्हणाली. "मायचं समदं सांगतलं. आता तुह्यं सांग."

"माह्यं काय?"

"तुह्यं. अकरा वर्षं तू कशी होती?"

एसटी पुलापाशी येऊन हळू झाली. ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "येता का, बाई?"

मी हातानंच त्याला पुढं जायला सांगितलं, पिशवी पुन्हा कठड्यावर ठेवली आणि बोलायला लागले. दुपारपर्यंत आणखी दोन एसट्या गेल्या. चौथीत मी बसले.